कोरी किटली

तानूबाई मारकड कुणाच्याही दारात जेवायला गेली तरी स्वतःचं ताट पिशवीत आणि स्वतःचं पाणी किटलीत घेऊन जायची. किटली ॲल्युमिनियमची, तीन लिटरची, दूधवाले वापरतात तसली, झाकणाला साखळी असलेली. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिच्यापाशी आला की ती आधी विचारायची, "नैवेद्य दावून झाला का रं बाबा?" झाला असेल तर पिशवीतली भाकरी काढायची. नसेल तर वाढून घ्यायची.

पोरं चिडवायची, "तानूआजी हॉटेल घेऊन आली."

"व्हय रं," ती म्हणायची, "पर गल्ला न्हाय बघ ह्या हॉटेलात."

पस्तीस वर्षांपूर्वी तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. एकच परमेश्वर, बाकीच्या दैवतांपुढं मान तुकवायची नाही, त्यांचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, जीव मारायचा नाही, खोटं बोलायचं नाही. उपदेश घेतलेले पुष्कळ लोक सोयीनं वागत. सोयऱ्याच्या घरी गेलं की मुकाट्यानं पुरणपोळी खात आणि मनात क्षमा मागत. तानूबाईला ते जमलं नाही. जे धरलं ते तिनं गच्च धरलं.

तिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. प्रत्येकासाठी नवरा झुंबरनं बकऱ्याचा नवस बोलला होता, आणि मूल गेल्यावरही बकरं कापून नवस फेडला होता. तिसऱ्या खेपेला, सातवा महिना चालू असताना, तिनं उपदेश घेतला. घरी येऊन देव्हाऱ्यातले चांदीचे टाक धुतले, नव्या फडक्यात बांधले आणि थोरल्या दिराच्या, कुंडलिकच्या घरी नेऊन दिले. "ह्ये तुमी सांभाळा भावजी. मी आता यांची न्हाय."

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. गाव पळसदेवच्या खालच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर वसलेलं. पाणी उतरत उतरत पार लांब गेलं, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर आणि मग भिंतीही उघड्या पडल्या. हिनं देव उठवला म्हणून पाऊस रुसला, असं गावानं ठरवलं. कुंडलिकच्या पोरांनी हातपंपावर तिला मज्जाव केला. झुंबर मधे पडला नाही. आठ महिन्यांची गरोदर तानूबाई मैलभर गाळ तुडवत फुगवट्याचं पाणी आणू लागली.

चौथ्या दिवशी बाबालाल मुलाणी सायकल घेऊन दारात उभा राहिला. तेव्हा तो पंचविशीत होता. गावात बकरं कापायचा मान मुलाण्याचा. मारकडांच्या, पाटलांच्या, कुणाच्याही नवसाचं बकरं असो, मुलाण्यानं कलमा म्हणून सुरी फिरवल्याशिवाय ते मटण कुणाच्या गळ्याखाली उतरत नसे. बापामागं ती सुरी बाबालालकडं आली होती. आणि मटणाच्या सुरीचा हा माणूस, मांसाच्या वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्या बाईच्या दारात सायकलला किटली अडकवून आला होता.

"वैनी, कोरी हाय," तो म्हणाला. "भिगवणच्या बाजारातनं आणली. यात कधी कायबी पडल्यालं न्हाय. माझा हातबी साबणानं धुतलाय."

"आन पाणी?"

"हातपंपाचं. मला कोण आडवतंय? मी रुसलो तर जत्रंत सगळ्यांना वांगंच खावं लागंल."

पाऊस पडेपर्यंत, चाळीसएक दिवस, तो रोज पाणी आणत राहिला. कुंडलिकनं त्याला रस्त्यात गाठून विचारलं, तुला रं का पडलंय एवढं? त्यावर तो म्हणाला, "तिनं तुमचा देव फोडला न्हाय. नव्या फडक्यात बांधून तुमच्या घरी पोचवला. आता पिऊ द्या की बाईला पाणी."

दादासो जन्मला तो त्या पाण्यावर.

तो वाढला मात्र बाबालालच्या अंगणात. बाबालालची बायको जैतुनबी ईदेच्या शीरखुर्म्यात पहिला हक्क दादासोचा मानायची. पोरानं पहिलं मटणही तिच्याच हातचं खाल्लं. तानूबाईला त्याच्या बोटांच्या वासावरून कळलं. तिनं बोटं नुसती हुंगली आणि सोडून दिली. नेम तिचा होता, पोराचा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी बाबालाल चाळीस दिवस तबलीगी जमातीबरोबर धर्मप्रचाराला गेला आणि बदलून परत आला. दाढी वाढवली. विजार घोट्याच्या वर घातली. पिराच्या उरुसाला जाणं बंद केलं, कव्वाली बंद, ताबूत बंद. कबरीपुढं डोकं टेकणं चूक आहे, मागायचं ते एका अल्लाकडंच मागायचं, असं तो म्हणू लागला. आधी भडकली ती त्याची भावकी. वाडवडलांचा पीर सोडलास म्हणून चुलतभावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तानूबाईला मात्र मजा वाटली. "तुमी बी देव उठवला म्हणा की भावजी."

"व्हय वैनी. तुमच्याच वाटंला लागलो. तीस वर्षं उशिरा."

तेव्हापासून दोघं कधीमधी ओट्यावर बसत. एकाचं दुसऱ्याला पटत नसे. तिच्या मते जीव मारणं पाप, त्याच्या मते तिचा कृष्णही माणूसच. पण एखादी गोष्ट देवासाठी सोडायची म्हणजे काय असतं, हे दोघांना एकमेकांना समजावून सांगावं लागत नसे. गाव तिला सोवळी म्हणायचं आणि त्याला कट्टर म्हणायचं. हे दोन शब्द वेगळे का, हे तिच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

गेल्या साली बाबालालचा भाचा सोहेल गावात राहायला आला होता. बारामती एमआयडीसीत कामाला, रोज मोटारसायकलवर ये-जा करणारा, कधी धड नमाज न पढणारा पोरगा. जुम्म्याची नमाज सुटल्यावर त्यानं मशिदीच्या पायरीवर दोन पोरांना मोबाइलवर कुठलीतरी दूरदेशीची मारकाटीची चित्रफीत दाखवली आणि म्हणाला, रक्ताला रक्तच लागतं. बाबालालनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली आवाज काढला. तेवढ्यावर न थांबता तो चौकीवर गेला आणि फौजदाराला सांगून आला, पोराला कुणीतरी भरवतंय, लक्ष ठेवा.

"सख्ख्या बहिणीचं पोरगं," तानूबाई म्हणाली होती. "नमाजी असतं तर असं बोललं नसतं, न्हाय?"

"तसं काय न्हाय वैनी," तो म्हणाला. "कपाळाला नमाजाचा घट्टा पडल्याली माणसंबी त्यात असत्यात. माळा घातल्यालीबी असतील. दाढीवरनं, माळंवरनं कळत न्हाय. चाळीस वर्षं सुरी हातात हाय माझ्या. कापायला काय, लई थोडं लागतं."

यंदा जत्रेला आठ दिवस असताना तो ओट्यावर येऊन बसला. बसला आणि तिच्या पुढ्यातल्या शेंगांची टरफलं बोटानं चुरत राहिला.

"काय झालं?"

"औंदा देवळापुढं सुरी धरणार न्हाय मी."

तानूबाईनं शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"दुसऱ्याच्या नावानं सोडल्यालं जनावर आमच्यात हराम," तो म्हणाला. "इतकी वर्षं बापानं केलं, मी केलं. आता कळल्यावर कसं करू? कुणाला नगं म्हणत न्हाय. बकरं माझ्या घरी आणा, अल्लाचं नाव घिऊन कापून देतो, कायबी न घेता. पर देवळापुढं न्हाय. तुमी टाक उठवलं तवा भ्या वाटलं व्हतं का वैनी?"

"वाटलं की."

"मग?"

"मग काय? तुमी किटली घिऊन आला."

तो हसला, पण अर्धंच. "पंचांना सांगितलं तर दंगा व्हईल. दिवस बरं न्हाईत."

"दंगा कशाचा? माझा दादासो हाय की. त्याला आता लोक मानत्यात. मी सांगती त्याला, त्यो पंचांस्नी समजावील." आणि मग तिनं ते वाक्य उच्चारलं, जे पुढं तिच्या छातीवर बसून राहिलं. "माझा सबूद हाय भावजी. तुमच्या केसाला धक्का लागणार न्हाय."

दादासोला लोक मानत होते हे खरं. बारामतीत तो एका कंपनीत कंत्राटी कामाला होता आणि दोन वर्षांत कुठल्याशा धर्मरक्षक मंडळाचा तालुका पदाधिकारी झाला होता. चौकातल्या फलकावर त्याचा फोटो लागे. तानूबाईला ते विचित्र वाटे. पोरानं जन्मात एक पोथी उघडली नव्हती, एक उपास धरला नव्हता. दारू प्यायचा. देवळात गेलाच तर ढोल वाजवायला. पण आईचं मन, फलकावरचा फोटो तिनं एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळे भरून पाहिला होता.

जत्रेसाठी तो घरी आला त्या संध्याकाळी, सून संजीवनी वाढत असताना, तानूबाईनं विषय काढला. दादासोनं घास हातातच धरला.

"काय म्हणलं चाचा? नेमकं सांग."

तिनं सांगितलं.

"थांब आये. पहिल्यापासनं सांग. नीट सांग, म्हंजी मला पंचांपुढं बोलता येईल." त्यानं ताटाशेजारचा मोबाइल जरा पुढं सरकवला.

आपलं बोलणं पोरगा इतकं मन लावून ऐकतोय, असं किती वर्षांनी घडत होतं. तिनं पहिल्यापासून सांगितलं. "भावजी म्हणलं, देवळापुढचं बकरं आमच्यात हराम हाय. त्या देवापुढं सुरी धरणार न्हाय म्हणलं. मला तर त्यात काय वावगं दिसलं न्हाय. मी तरी कुठं मानती त्या देवाला? पर मी कधी कुणाचा हात धरला का? त्येबी धरत न्हाईत. घरी आणा म्हणलं, कापून देतो. तू जरा सांभाळून घे. तुझा जन्म त्यांच्या पाण्यावर झालाय."

"घेतो की सांभाळून," दादासो म्हणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी ती गिरणीत दळण आणायला गेली. बाया मोबाइलभोवती घोळका करून होत्या, त्या तिला बघून पांगल्या. शेजारच्या सारजानं जवळ येऊन मोबाइल तिच्या कानाशी धरला.

"आत्याबाई, ह्यो आवाज तुमचा न्हव का?"

तिचाच होता. भावजी म्हणलं, देवळापुढचं बकरं आमच्यात हराम हाय. त्या देवापुढं सुरी धरणार न्हाय म्हणलं. एवढंच. पुढं ढोलाचा आवाज, आणि पडद्यावर बाबालालचा दाढीवाला फोटो. खाली काय लिहिलं होतं ते सारजानं वाचून दाखवलं नाही.

"पुढचं कुठं गेलं?" तानूबाई म्हणाली. "पुढं मी बोललीया की. पुढचं लाव."

"पुढं काय न्हाय आत्याबाई. एवढंच फिरतंय. सकाळपासनं सगळ्यांच्या फोनवर."

दळण तिथंच टाकून ती घरी आली. दादासो नव्हता. आणि चुलीमागच्या खुंटीवर किटली नव्हती. पस्तीस वर्षांत त्या खुंटीवर तिच्या हातांशिवाय कुणाचा हात गेला नव्हता. घरातल्या लेकरांनाही ती शिस्त होती.

"संजीवनी, किटली?"

संजीवनी भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. "त्यांनी नेली. पाणी न्यायचंय म्हणलं."

क्षणभर तानूबाईला बरं वाटलं. पोरगं उन्हातान्हाचं पाणी घेऊन गेलं असेल, चाचालाच भेटायला गेलं असेल. मग हमरस्त्याच्या बाजूला धूर दिसला.

बाबालालचं मटणाचं दुकान रस्त्याच्या कडेला होतं, पत्र्याचं. ती पोचली तेव्हा पत्रे लाल झाले होते आणि तडतडत होते. पंचवीसएक मोटारसायकली उभ्या होत्या. गावातली पोरं थोडी, बाहेरची जास्त. बाबालाल रस्त्यावर पडला होता आणि एकानं त्याचा उजवा हात दगडावर धरून ठेवला होता. दुसऱ्याच्या हातात लोखंडी पाइप होता. आवाज तिनं ऐकला. ओलं लाकूड मोडतं तसा.

दादासो कुणाला मारत नव्हता. तो पलीकडं उभा राहून मोबाइलवर सगळं टिपत होता. तिनं जीव खाऊन हाक मारली, "दादा!" त्यानं पडद्यावरून नजर काढून तिच्याकडं पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला. घाईनंसुद्धा नाही. गाड्या निघून गेल्या. नालीत तिची किटली पडली होती, झाकण उघडं, साखळी लोंबत. तिनं वाकून वास घेतला. लहानपणी त्याची बोटं हुंगली होती, तसा. आत पेट्रोलचा वास होता.

दुसऱ्या दिवशी फौजदार दारात आले. किटली प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी लावलेली.

"आजी, ही तुमची? सगळं गाव म्हणतंय तुमची."

"माझीच."

"तिथं कशी गेली?"

तिनं पिशवीवरूनच साखळी चाचपली. फौजदार खाटेवर बसले. "हे बघा, दोनच शक्यता. एक तर इथून कुणीतरी नेली. नाहीतर त्या मुलाण्यानंच कधी मागून नेली असेल, आणि दुकानही त्यानंच पेटवलं, गावावर आळ यावा म्हणून. करतात लोक असं. भावना दुखावल्याची तक्रार त्याच्यावर आहेच. आणि आमच्याकडे आधीची नोंद आहे. माणूस कट्टर आहे, भाचाही तसाच."

"भाच्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

"नोंद आहे."

"त्येनीच यून सांगितलं व्हतं सायेब. ह्याच पायानं चालत यून. त्ये न्हाय का लिवलं?"

फौजदारांनी कागद उलटून पाहिला. "कुणी सांगितलं ते इथं नाही."

"आन कट्टर म्हंजी काय?"

"म्हणजे... आपलंच खरं म्हणणारा. दुसऱ्याच्या देवाला न मानणारा."

"मग पयलं माझं नाव लिवा. ह्या गावच्या देवळात पस्तीस वर्षं पाय ठेवला न्हाय मी. परसाद खाल्ला न्हाय. घरातलं देव उठवलं. लिवा की."

शिपाई फिसकन हसला. फौजदारही हसले. "आजी, तुमचं वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दवाखान्यातून सोडलं की त्याला ताब्यात घ्यावं लागेल. तुम्हाला काही सांगायचं असेल तर आज सांगा."

तानूबाई आत गेली. संजीवनी दाराच्या आड उभी होती, पदर तोंडात धरून. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. सुनेनं मान हलवली, नको म्हणून, आणि मग तिचीच मान खाली गेली. तानूबाईला तहान लागली होती. खुंटी रिकामी होती. ती तशीच बाहेर आली.

"माझ्या पोरानं नेली किटली," ती म्हणाली. "फोनमधला आवाजबी त्येनंच भरला, जेवताना. पुढचं तोडलं. मी त्याला तितं बघितलं, डोळ्यांनी. लिवा."

त्याच संध्याकाळी दादासोला बारामतीहून उचललं. जाताना तो कुणाला तरी म्हणाला, "आईनंच घात केला." हे वाक्य तिच्या घरापर्यंत पोचायला तास लागला नाही. आता पंच्याहत्तरीत पोचलेला कुंडलिक काठी टेकत दारात आला. "तवा देव उठवलंस, आता लेक उठवलास. ऱ्हायलं काय घरात?" आता नळ घराघरात होता, पाणी कुणी तोडलं नाही. माणसं तोडली. संजीवनी लेकराला घेऊन माहेरी निघून गेली.

ती बाबालालची वाट पाहत राहिली. झुंबर जाऊन कैक वर्षं झाली होती, दुसरं कोण होतं? एवढं सगळं गेलं, पण एक माणूस समोर येऊन बसेल, न बोलता बसेल, आणि त्याला समजावून सांगावं लागणार नाही. तेवढ्यावर ती दिवस काढत होती. त्याचा हात मनगटापासून चुरला होता, पुण्यात दोनदा ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं तो घरी आल्याचं कळलं. तो आला नाही. मग सारजाकडून कळलं की देवळात बैठक झाली, समेट झाला. गावानं वर्गणी काढून दुकान बांधून द्यायचं, त्याच्यावरची तक्रार मागं घ्यायची. आणि बाबालालनं चौकीवर नवा जबाब दिला. मारणारं कुणी ओळखीचं नव्हतं. मुंड्या भाजायच्या गॅसचा भडका उडून दुकान पेटलं. किटली त्याचीच होती, त्यानंच विकत आणलेली, कैक महिने दुकानात पडून होती.

म्हणजे खोटं बोलली ती तानूबाई.

ती उठून त्याच्या घरी गेली. जैतुनबीनं तिला पाहिलं आणि आत निघून गेली. इतकी वर्षं ती तानूबाईसाठी कोपऱ्यात वेगळा पाट ठेवायची. आज तो कुणी मांडला नाही. बाबालाल खाटेवर होता, हात गळ्यात. दाढी तशीच होती. नजर मात्र जमिनीवरून उठत नव्हती.

"किटली तुमची व्हय, भावजी?"

"मीच आणली व्हती की वैनी. भिगवणातनं."

"मला दिली व्हती."

त्यानं गळ्यातला हात सावरला.

"खोटी साक्ष मोठा गुनाह हाय, मला ठावं हाय," तो शेवटी म्हणाला. "अंगठा उठवला, आन घरी यून थुंकत बसलो. तोंडातली चव जायना. त्या देवापुढं सुरी धरली न्हाय मी, गुनाह व्हईल म्हणून. आन ह्यो त्याच्याहून मोठा केला." श्वास घेऊन तो पुढं म्हणाला, "पुढल्या जत्रंला थोरला पोरगा कापणार हाय. देवळापुढंच. पंचांना सबूद दिलाय. घरात सूनंचं दिवस भरत आल्यात. आमाला हितंच ऱ्हायचंय वैनी."

"मग माझं काय? मी पोटचा पोर दिला, भावजी."

बाबालालनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग होता की लाज, हे तिला पुढं कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

"मी कुठं मागितला व्हता?" तो म्हणाला. "तुमी फकस्त सबूद दिला व्हता. केसाला धक्का लागणार न्हाय म्हणून."

चौकीनं किटली मालकाला परत केली. कागदावर मालक बाबालाल. नव्या दुकानाच्या बाहेर ती रक्त धुवायच्या पाण्याला ठेवलेली असते. रस्त्यानं जाताना दिसते. तानूबाई आता त्या रस्त्यानं जात नाही.

दादासो सुटून आला तेव्हा चौकात फटाके वाजले. फलक नवा लागला, फोटो मोठा. चार दिवसांनी संजीवनीही परत आली. संध्याकाळी तो काहीच घडलं नाही असा चुलीपुढं बसला.

"आये, झालं गेलं. मी राग धरला न्हाय बघ तुझा. वाढ."

संजीवनीनं ताट मांडलं. तानूबाई उठली, त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर, गोठ्याच्या अंगाला नेऊन ठेवलं.

"ह्याचं ताट आजपासनं हितं. ह्याचा तांब्याबी वेगळा."

दादासो हसला. "माझी आई पुन्यांदा सोवळी झाली," म्हणाला, आणि मुकाट्यानं ओट्यावर जाऊन जेवू लागला.

संजीवनी हातात भाकरी धरून उभी राहिली. तिनं हळूच विचारलं, "आत्या, ह्यो कुठला नेम?"

पस्तीस वर्षं तानूबाईला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारत आलं होतं. हे का खात नाही, ते का शिवत नाही, ताट का वेगळं. तिच्यापाशी दर वेळी उत्तर असे, आणि ते देताना तिला कधी कुणाचा राग आलेला नसे. ती वेगळी ठेवत आली होती ती स्वतःला. आज तिनं पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं ताट उचलून बाहेर ठेवलं होतं, आणि ते ठेवताना तिच्या हाताला बरं वाटलं होतं. फार बरं.

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. बाहेर दादासो जेवताना मचमच आवाज करत होता.

"कुठला न्हाय," ती म्हणाली, आणि आपलं ताट पालथं घालून न जेवता भिंतीला टेकून बसली.